पडेगावच्या गच्चीवरच्या सळया

पप्पा,

१. मागच्या मंगळवारी ती माझ्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात आली. ती म्हणजे तुमच्या नेव्हीतल्या मित्राची मुलगी. तो मित्र वारल्यावर तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी तुम्ही पडेगावला घर बांधलं होतं.
२. तिला त्या घरावर मजला चढवायचा आहे. खालचं बांधकाम तो पेलेल का, याचा लेखी अहवाल तिनं माझ्याकडे मागितला.
३. त्याच आठवड्यात शुक्रवारी मी घराची पाहणी केली.
४. गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर तुम्ही पुढच्या मजल्यासाठी सळया राखून ठेवलेल्या आहेत.
५. आपल्या पुंडलिकनगरच्या घरावर त्या नाहीत. होत्या. तुम्ही कापल्या.
६. अहवाल येत्या सोमवारी द्यायचा आहे.

साइटवरून आले की मी आधी असंच लिहून काढते. जे घडलं ते एकीकडे आणि आपलं मत दुसरीकडे, दोन्ही एका ओळीत येऊ द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे हे तुम्हाला माहीत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर झाले हेही माहीत नाही. दुसऱ्यांची घरं किती वजन पेलतील हे सांगणं, हेच माझं काम आहे. घडलेलं लिहून झालं. आता मत.

ती आली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली. "अगं, किती वाळलीस! काकू जेवायला घालत नाय का?" मी चहा सांगितला. ती म्हणाली, "काकांनी बांधलेलं घर हाय, त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाय. तूच बघ." मी विचारलं, ड्रॉइंग आहेत का. ती हसायलाच लागली. "काका अन् ड्रॉइंग! अगं, खडूनं जमिनीवर खोल्या काढायचे अन् आईला त्यात उभं करायचे. म्हणायचे, वहिनी, पीठ मळायला बसल्यासारखं करा अन् सांगा, इथून दार दिसतंय का." मग चहा पिताना ती सहज बोलून गेली, "पहिल्या सफरीत काकांना बोट लागली होती ते तर तुला माहीतच असंल. बादली पोटाशी धरून रडत होते म्हणे. भर समुद्रात म्हणायचे, मला गावाकडं, कन्नडला उतरवून द्या." मी म्हटलं, हो, माहितीये.

मला माहीत नव्हतं. तुम्हाला बोट लागत होती, तुम्ही रडला होतात, हे मला एका बाहेरच्या बाईकडून कळलं आणि मी ओळखीचं हसून दाखवलं. आपल्या घरात समुद्र फक्त कपाटात होता, इस्त्री करून टांगलेला पांढरा गणवेश, त्याला हात लावायचा नाही. नेव्ही सोडल्यावर तुम्ही घरं बांधायची कामं घ्यायला लागलात. संध्याकाळी साइटवरून यायचात, सिमेंटचे पाय धुवायचात आणि विचारायचात, "अभ्यास?" मी म्हणायचे, "झाला." झालं आपलं बोलणं. त्याच माणसानं दुसऱ्या एका स्वयंपाकघरात बसून स्वतःची फजिती रंगवून सांगितली, दोघींना हसवलं, आणि ती मुलगी अजून ते पाठ म्हणते. वडील तिचे गेले होते हे मला कळत होतं. तेव्हाही कळत होतं. मला फक्त एवढंच कळत नव्हतं की ती जागा भरायला माझेच का जातात.

रविवार आठवतो. मी दहा वर्षांची असेन. आई डबा भरते आणि आपण रिक्षानं पडेगावला येतो. जोत्याचं काम चाललेलं आहे, सगळीकडे काळी माती उकरलेली. तुम्ही मिस्त्रींना सांगताय, "ही माती म्हणजे समुद्रच आहे. पाऊस पडला की फुगणार, उन्हाळ्यात बसणार. हिच्यात पाय रोवून चालत नाही, हिच्यावर तरंगावं लागतं." म्हणून त्या घराखाली तुम्ही सलग काँक्रीटचा तळ घातला, जहाजाच्या पोटासारखा. मिस्त्री माना हलवतात आणि तुमची पाठ वळल्यावर म्हणतात, "कप्तान साब अब इसको लंगर भी डालते क्या की!" मला हसू येतं. मग मी बघते. लेव्हल काढायची पाण्याची नळी आहे, तिचं एक टोक तुमच्या हातात आहे आणि दुसरं तिच्या हातात. तुम्ही ओरडताय, "वर. अजून वर. बास! हलू नकोस, राणी." ती श्वास रोखून उभी आहे. दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला येतं आणि तुम्ही खूण करता. मी म्हणते, पप्पा, आता मी धरू? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "तू हात धू आणि डबा उघड. उन्हात थांबू नकोस."

राणी. मला तुम्ही पूर्ण नावानं हाक मारायचात, शाळेच्या हजेरीसारखी.

आज माझ्याकडे तिपाईवर लावायचं लेव्हलचं यंत्र आहे. पाण्याची नळी लागत नाही, दुसरं टोक धरायला माणूसही लागत नाही. शुक्रवारी तेच घेऊन गेले. सोबत तुमचेच जुने मिस्त्री होते, आता ते माझ्यासाठी तोडफोडीची कामं करतात. घर थोडं कललेलं आहे, रस्त्याच्या बाजूला, डोळ्यांना कळणार नाही इतकं. पण सगळं मिळून एकसारखं कललंय. म्हणून भिंतींना तडे नाहीत. शेजारच्या दोन्ही घरांना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा आहेत. तुमचं घर खरंच तरंगतंय. मी ते आकडे तीनदा तपासले. घर बरोबर निघतंय याचं दुःख होणारी मी पहिलीच इंजिनिअर असेन.

मग गच्ची. या शहरात कुठल्याही गच्चीवर उभं राहा, चारी बाजूंना सळया उभ्या दिसतात. खालचा मजला आधी होतो, वरचा मजला पोरगा कमावता झाल्यावर, सून आल्यावर. तोवर सळया गंजत राहतात, लोक त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतात. पडेगावच्या त्या गच्चीवर सळया दिसत नाहीत, कॉलमच्या जागी गुडघाभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे आहेत. लहानपणी मला वाटायचं ते कुंड्या ठेवायला आहेत. मिस्त्रींनी पहिला ठोकळा छिन्नीनं फोडला. काँक्रीटचा माल मुद्दाम हलका होता, पटकन सुटला. आत ताडपत्रीच्या पट्ट्या, सुतळीनं आवळलेल्या. त्या सोडल्या तर ग्रीस, आणि ग्रीसच्या आत सळया, कालच दुकानातून आणल्यासारख्या. जहाजावर तुम्ही लोखंड असंच राखत असाल. मिस्त्री खुश झाले. "देखो बेटी, साब तो लोहे का अचार डाल को गए!"

ती धावत वर आली. तिनं सळईला बोट लावलं, काळं झालेलं बोट बघत राहिली, आणि म्हणाली, "मला म्हणाले होते काका. तू मोठी झाली की वरच्या खोलीचं बघू. मला वाटलं लेकराचं मन राखायला म्हणाले असतील." तिच्या आईचे गुडघे गेलेत, त्या खालीच राहणार. ती नवऱ्याला घेऊन वर येणार, म्हणजे आई डोळ्यांसमोर राहील. सगळं ठरलंय. माझ्या एका सहीसाठी थांबलंय.

मी सळयांची जाडी मोजली. गंज नाही. जोड द्यायला लांबी पुरेशी. दुसरा ठोकळा फोडायला लावला, तिसरा लावला. सगळीकडे तेच. मिस्त्री म्हणाले, "अब क्या सब तोडेंगे क्या जी?" मी म्हटलं, सगळे. नियमाप्रमाणे एवढे फोडावे लागत नाहीत, पप्पा. एखाद्या ठिकाणी तरी तुम्ही हलगर्जी केली असेल असं मला वाटत होतं.

आता पुंडलिकनगर. मी नववीत होते. आपल्याही गच्चीवर सळया होत्या, मी त्यांच्या मधून धावायचे. एका सकाळी तुम्ही कटर घेऊन वर गेलात आणि एकेक सळई मुळापासून कापलीत, वर सिमेंट फिरवून गुळगुळीत केलंत. शेजारच्या मावशी त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "अहो दादा, सळया कापून ऱ्हायले? वरचा मजला नाय करायचा काय?" तुम्ही मशीन बंद केलंत आणि म्हणालात, "वर कोण राहणार?" मी जिन्यात होते, तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. मी तो पायरीवर ठेवला आणि खाली आले.

वर कोण राहणार. एकच मुलगी आहे, जाईल लग्न करून. हा अर्थ मी तेव्हाच लावला आणि मला तो सहन होत होता, कारण आपल्या गल्लीत सगळ्यांचाच तो अर्थ होता. पण पडेगावच्या घरीही एकच मुलगी होती. हे मला शुक्रवारी गच्चीवर उभं राहून लक्षात आलं. पाया कच्चा होता म्हणावं तर तेही नाही. घरी आल्यावर मी आपल्या घराचं गणित मांडलं. खाली घट्ट मुरूम आहे, कॉलम हवे तेवढे आहेत, एक मजला आरामात पेलला असता. आजही पेलेल, भोकं पाडून नव्या सळया बसवता येतात. तांत्रिक कारण कुठलंच नाही.

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. "कुठल्या सळया?" म्हणाली. मग म्हणाली, "तुझे पप्पा मला काय सांगून करायचे व्हय? पंधरा वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. त्याला घरात बोलायचं असतं हे कुणी शिकवलं नाय." मी म्हटलं, तिथं बोलायचे. आईचा हात थांबला. "व्हय," म्हणाली, "तिथं बोलायचे. मला काय दिसत नव्हतं? म्हणून तर दर रविवारी मी डबा द्यायचे. बजावलंच होतं, बांधकाम कुणाचंबी करा, जेवण माझ्या हातचं पाहिजे." मग ती स्वतःच हसली, आणि मलाही हसू आलं. त्या डब्याचं कारण मला कधी कळलं नव्हतं. मी मुलीवर जळत होते आणि आई आईवर. घरात दोघी, आणि दोघींनी एकमेकींना पत्ता लागू दिला नाही.

थोड्या वेळानं तव्यावरची भाकरी उलटत आई म्हणाली, "तुला बांधून ठेवायचं नसंल त्यांना. त्या पोरीला कुणी नव्हतं, तिला धरून ठेवायला काही तरी पाहिजे होतं. तू लई हुशार. तू जाणार बाहेर, पुण्याला, परदेशात. वर मजला असता तर तू इथंच अडकली असतीस." उत्तर चांगलं आहे. इतकं चांगलं आहे की ते तुमचं वाटत नाही. तुम्ही गेल्यापासून आई तुमच्या वतीनं अशी उत्तरं तयार करते, आणि दर वर्षी ती अधिक सुबक होतात. शिवाय मी गेले नाही. मी इथंच आहे. कुठं तरी पाठवायचं होतं तर एकदा तोंडानं म्हणायचं होतंत.

आता अहवालाचं. आमच्या कामात एक वाक्य असतं: "जुन्या सळयांच्या टिकाऊपणाबाबत खात्री देता येत नाही, सबब वाढीव बांधकामाची शिफारस करता येत नाही." हे वाक्य सावधपणाचं समजलं जातं. त्यावर कुणी वाद घालत नाही, आणि ती तर मुळीच घालणार नाही, तिचा तुमच्यावर होता तेवढाच माझ्यावर विश्वास आहे. काल दुपारी मी ते टाइप केलं. चांगलं दिसत होतं. जेवून आले, पुन्हा वाचलं. आज सकाळी पुसलं. मोठेपणा म्हणून नाही. तुमच्या कामाला हात लावायची ही मला मिळालेली पहिलीच संधी आहे. तिथं खोटं लिहिलं असतं तर मी पुन्हा डबा उघडायलाच बसले असते. घर मजला पेलतं. मी तसंच लिहिणार आहे, आणि वरच्या मजल्याचं डिझाइनही मीच करणार आहे. तिनं दुसऱ्या कुणाला विचारलेलं मला चालणार नाही.

पण सही करण्याआधी मला कारण हवं आहे. हे पाकिटात घालून टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं, आणि आईच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर राहील. तरीही विचारते. तिथं ठेवल्या आणि इथं कापल्या, का? उत्तर मोठं नको. चांगलंही नको. "सुचलं नाही" म्हणालात तरी मी मान्य करीन. खरं सांगायचं तर तेच उत्तर यावं असं मला वाटतं.

ती सोमवारी सकाळी येणार आहे. रविवारपर्यंत कळवा.