स्क्रीन काळी होते त्याची तक्रार

३ मार्च, सोमवार

‘वज्रवेग २’ हा नवा गेम परीक्षणासाठी हातात पडला. संपादक म्हणाले, हे जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेरीस रामराम. पोटात गोळा आला. भूक असावी.

संकल्प: गेम संपवूनच लिहायचं. तेही सर्वांत अवघड पातळीवर.

४ मार्च, सकाळ

सोप्या पातळीवर सुरू केला. सामान्य वाचकाचा विचार नको का करायला?

बलस्थानं: वेग. काय तो वेग! नायक धावता धावता भिंतीवर चढतो, तलवार टाकून बंदूक उचलतो, हवेतच कोलांटी. पहिला भाग याच्यापुढे बैलगाडी.

दोष: राक्षस फार अचानक येतात. जरा खाकरून यायला काय जातं मेल्यांचं?

४ मार्च, संध्याकाळ

गंभीर दोष पकडला! राक्षस अंगावर आला की स्क्रीन काळी होते. दर वेळी. पुन्हा दिसू लागतं तोवर नायक मेलेला. इतका पैसा ओतून हा गलथानपणा.

५ मार्च

बायकोला शेजारी बसवलं. साक्षीदार म्हणून, बाकी काही नाही. विचारलं, झाली ना काळी? म्हणाली, मला तर सगळं लख्ख दिसलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस, तिला गेममधलं काय कळणार. वर म्हणते, तुझा चेहरा आमच्या खुर्चीतल्या पेशंटसारखा होतो. एकाग्रता म्हणतात त्याला.

तळहात ओले. खोली फार कोंदट आहे.

६ मार्च

परीक्षण दिलं. वेग उत्तम, चित्रं झकास, संगीत थरारक (आवाज बंद ठेवला होता, पण जाहिरातीत ऐकलंय). काळ्या स्क्रीनपायी दहापैकी तीनच. पहिलीच पायरी ओलांडली नाही, पण शितावरून भाताची परीक्षा.

संपादक म्हणाले, ही तक्रार दुसऱ्या कुणीच केलेली नाही. बाकीचे झोपा काढत असतील.

१० मार्च

परीक्षण छापून आलं. कंपनीवाले हादरले. उद्या त्यांचा तंत्रज्ञ येतोय. दोष मी खेळून दाखवायचा, अख्ख्या ऑफिससमोर.

कर नाही त्याला डर कशाला. अंगात मात्र ताप आहे. थर्मामीटर बिघडलाय, नॉर्मल दाखवतो.

११ मार्च

खेळलो. राक्षस आला. मी ओरडलो, बघा, झाली काळी!

मग तंत्रज्ञाचा आवाज आला, अगदी हळू: साहेब, डोळे उघडा.

उघडले. तो स्क्रीनकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. सगळं ऑफिस खो खो हसलं. कुणीतरी मोबाइलवर शूटिंगही केलं. गेली नोकरी. बाथरूममध्ये जाऊन रडलो.

१४ मार्च

नोकरी पक्की.

तो व्हिडिओ म्हणे लोक पुन्हा पुन्हा बघतायत. संपादक म्हणाले, आता परीक्षण लिहू नका. दर आठवड्याला एक नवा गेम खेळायचा, आणि कॅमेरा फक्त तुमच्या तोंडावर. स्क्रीन दाखवायची गरजच नाही. सोमवारी भुतांचा गेम आहे.

बायकोला म्हटलं, सोमवारी रजा काढून येशील का, नुसती शेजारी बसायला? ती म्हणाली, सोमवारी दवाखान्यात फार गर्दी असते रे.