अंजिरासमोरची भाषणं

शुक्रवार, २ मे. सकाळी
घरात ज्यांचं कोणी ऐकून घेत नाही अशा जगातल्या तमाम वक्त्यांनो! तुमचं आणि माझं दुःख एकच आहे. आपण बाहेर तोंड उघडलं की माणसं थांबतात. घरात तोंड उघडलं की माणसांना आठवतं, येताना दूध आणायचं होतं.

सुरुवात झकास. भाषणात हीच वापरावी.

विषय: क्षुद्र सुखांची गुलामी. वाचनालयाचा हॉल, रविवार १८ तारीख, संध्याकाळी सहा. माझी योग्यता ओळखायला ग्रंथपालांना सात वर्षं लागली. कचेरीतून दोन आठवड्यांची रजा घेतली. साहेब म्हणाले, हवी तर महिनाभर घ्या. हेडक्लार्कबद्दल एवढा आदर!

निश्चय: रोज चार तास लेखन, दोन तास वाचन, एक तास आवाज.

संध्याकाळी
लेखन शून्य. दोष कुटुंबाचा. परसात कलिंगड खाऊन बी कोण लांब थुंकतो याची स्पर्धा. स्पर्धक: बायको (गणिताची शिक्षिका!), सासरे (निवृत्त घड्याळजी, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कायम आमच्याकडे) आणि मुलगी (वय आठ, म्हणून माफ). सासरे जिंकले. मग पाइपने एकमेकांना भिजवणं, मग मुंग्यांची रांग कुठे जाते ते ओणवं होऊन पाहणं. मुंग्या कुठे जाणार? बिळात. मी खिडकीतून तसं सांगितलं. कोणी वर बघितलं नाही.

रविवार, ४ मे
मुलगी ओरडत आली, बाबा चल, फुटली, चारही फुटली! मला वाटलं कपबश्या. अंडी निघाली. कोपऱ्यातल्या अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून घरटं केलंय. चोचीने भोकं पाडायची, कापसाचा धागा ओवायचा. आत शेंगदाण्याएवढी चार पिल्लं. दिसायला भयंकर. सासरे भिंग लावून टाके मोजत होते. म्हणाले, जावईबापू, अहो, हात न वापरता केलंय हे. मी म्हणालो, डोकं न वापरता पुष्कळ लोक पुष्कळ काही करतात.

कोणी हसलं नाही. वाक्य टिपून ठेवलं.

मुलीने या पक्ष्यासाठी स्वतंत्र वही केली आहे. माझ्या भाषणासाठी या घरात कोणी साधं पेन्सिलीला टोक करून दिलेलं नाही.

मंगळवार, ६ मे
आवाजाचा सराव आरशासमोर केला. बायको दारात येऊन म्हणाली, अहो, आरसा ऐकतोय, जरा हळू. अपमान गिळला आणि परसात गेलो.

सावली फक्त अंजिरापाशी. झाडाकडे पाठ करून उभा राहिलो. भिंतीवर कावळा. ‘बंधूंनो!’ म्हणून हात वर केला, कावळा पसार. ज्यांना विचार पेलत नाही ते असेच जातात.

पाऊण तास बोललो. मागे वळतो तो स्वयंपाकघराच्या दारात तिघं उभे. चिडीचूप. मुलीने विचारलं, बाबा, उद्या पण बोलशील? इथेच?

आठ वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, ८ मे
आज खुर्च्या मांडल्या होत्या! तीन, ओळीने, माझ्यासमोर. कलिंगड नाही, पाइप नाही, कुजबुज नाही. यांची वृत्ती मी दोन दिवसांत पालटली. सासरे तर दुर्बीण घेऊन बसले. आठ फुटांवरच्या वक्त्याला दुर्बीण! हावभावांचा इतका बारीक अभ्यास मी कुठे पाहिला नाही.

बायको मधेच म्हणाली, थोडं डावीकडे सरका. सरकलो. तिला रंगमंचाची जाण आहे हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. सूचनाही केली: आवाज राहू द्या, हात जास्त हलवा.

निश्चय: हात जास्त हलवणे.

शनिवार, १० मे
संध्याकाळी डुलकी लागली. बायको धावत आली, अहो उठा, कावळा आलाय, चला बोलायला. घड्याळजीची मुलगी आता वेळ कावळ्यावर ठरवते! चप्पल न घालता गेलो. दीड तास बोललो. उतावीळ श्रोते मिळायला भाग्य लागतं.

घरी सांगून टाकलं, अठरा तारखेला हॉलमध्ये पहिल्या रांगेत तुमच्या तीन खुर्च्या राखून ठेवतो. सासरे म्हणाले, तिथे काय असणार? मी म्हणालो, मीच असणार. ते म्हणाले, तेच विचारतोय.

कान कमी झालेत त्यांचे.

सोमवार, १२ मे
घसा पूर्ण बसला. हातांबरोबर आवाजही जास्त हलवला, त्याचा परिणाम. आतल्या खोलीत पडून होतो. मुलगी दोनदा येऊन म्हणाली, बाबा, नुसता उभा तरी राहा. काय ही भूक! पण नुसतं उभं राहणं मला मान्य नाही. विचाराविना वक्ता म्हणजे खांब. पडून राहिलो.

सातच्या सुमाराला परसात कालवा. मुलगी हमसून हमसून रडली. जेवली नाही. बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सासरे दारात येऊन माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले, तुमचा इलाज नव्हता हो, आणि गेले.

एक दिवस विचार मिळाला नाही तर मूल उपाशी झोपतं! जगातल्या किती वक्त्यांना हे सांगता येईल?

मंगळवार, १३ मे
आवाज फाटका, तरी सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मुलगी शेवटपर्यंत हलली नाही. आज डोळे सुजलेले. म्हणाली, थांबू नकोस हं.

थांबणार नाही, बाळ.

शनिवार, १७ मे. सकाळी सात
रंगीत तालीम. धुतलेला सदरा. आयुष्यात असं बोललो नव्हतो. ‘क्षुद्र सुखांची बेडी तोडा आणि झेप घ्या!’ या वाक्याला मुलगी खुर्चीवर चढली आणि टाळ्या! बायकोने डोळे पुसले. सासरे उभे राहिले, गुडघे दुखत असूनही. थोड्या वेळाने पुन्हा टाळ्या. मग जरा जास्त खंड पडून तिसऱ्यांदा, आणि या वेळी तर तिघं एकमेकांच्या गळ्यात.

त्यानंतर ते खुर्च्या उचलून आत गेले. भाषण अजून चाळीस मिनिटं होतं. भारावलेल्या माणसाला जास्त ऐकवत नाही. उरलेलं मी एकट्याने पूर्ण केलं.

रविवार, १८ मे. साडेआठ
हॉलमध्ये माणसं नऊ. पैकी तीन माझी, एक ग्रंथपाल, दोन पंख्यासाठी.

तेच भाषण. तेच हात. सासऱ्यांनी ‘तमाम वक्त्यांनो’लाच कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. दुर्बीण आणलीच नव्हती. बायको पेंगली. मुलगी पाच मिनिटं माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती, तिथे काही नव्हतं, मग ती बुटाचे बंद सोडत-बांधत बसली. बेडी तोडा म्हणालो. झेप घ्या म्हणालो. ग्रंथपालांनी घड्याळात पाहिलं.

हॉलचा दोष. प्रकाशयोजना भिकार. पण अंजिरापाशी काय होतं जे इथे नव्हतं?

सोमवार, १९ मे
रजा संपली. कचेरीत जाताना फाइल समजून मुलीची वही उचलली. टेबलावर उघडली. अक्षर मोठं, रेघा तिरक्या.

‘६ मे. बाबा बोलला. कावळा पळाला. आईने लगेच ओळखलं की कावळा हाकलायला बाबा चालतो.’

‘८ मे. बाबा डावीकडे सरकल्यावर पिल्लं नीट दिसली.’

‘१० मे. बाबा झोपला. कावळा आला. बाबाला उठवलं. कावळा गेला.’

‘१२ मे. बाबाचा घसा बसला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या पण कावळा आजोबांना घाबरत नाही. आई धावली पण उशीर झाला. एक पिल्लू नेलं. आता तीन.’

‘१७ मे. तिन्ही उडाली!!! शेवटचं घाबरत होतं. बाबा बोलत होता म्हणून कावळा आला नाही.’

साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे. ऐकू आली नाही.

संध्याकाळी घरटं पाहिलं. पहिल्यांदाच, जवळून. टाके एकवीस. एकही चुकलेला नाही. भिंतीवर कावळा होता. सवयीने हात वर केला. गेला.

मुलीला वही परत दिली. बारा तारखेबद्दल काही बोलावं म्हणून तोंड उघडलं. तीच म्हणाली, बाबा, आजोबा सांगतात शिंपी याच उन्हाळ्यात पुन्हा पानं शिवतो. तू घसा सांभाळ.

थोडक्यात, पुढच्या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलेलं आहे. हे त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं असतं तर चाललं असतं, पण या घरात वक्तृत्वाचं अंग कोणालाच नाही.

तेव्हा, हे वक्त्या! वही मिट, ऊठ, आणि आत्ताच्या आत्ता मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.