शेवटचं दार

ता. १४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना उतरते. चष्म्याचं दुकान चालू आहे. जप्त केलेला संगणक अजून मिळालेला नाही. काल एक आजोबा वैतागले, "मागचा नंबर काढ ना!" म्हटलं, "तो सध्या पोलीस वापरतायत." बिचारे हसले.

तुला काम मिळालं का? खटला चालू असताना कोण ठेवून घेणार, हे कळतं. तरी विचारते.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. मुद्द्याचं लिहवत नाही.

दुकानाच्या नावावर सर्व्हर भाड्यानं घेतलास, तेव्हा मीच हो म्हटलं होतं. "ताई, इंटरनेटवर ज्यांना ओळख झाकून बोलावं लागतं, त्यांचं बोलणं आपण पुढं पोचवतो. आपण शेवटचं दार. आत कोण आलं ते आपल्यालाही कळत नाही," असं तू म्हणाला होतास. बाहेरच्याला मात्र आपलंच दार दिसतं, हे त्या दुपारी पोलीस दारात आले तेव्हा समजलं. कुणीतरी त्या वाटेनं धमकी पाठवली होती आणि सर्व्हर कंपनीनं आपला पत्ता देऊन हात झटकले होते.

तू बाहेर होतास. ते संगणकाच्या वायरी काढत होते, आणि मी मागच्या खोलीत जाऊन मोबाइलवरून आख्खा सर्व्हर पुसून टाकला. वाटलं, तुला वाचवतेय.

धमकीचा आरोप गळला. तो सर्व्हर फक्त दुसऱ्यांचं बोलणं पुढं पोचवतो, हे असल्या सर्व्हरांच्या जाहीर यादीतच होतं. राहिला तो पुरावा नष्ट केल्याचा. त्या दुपारी पोलीस विचारत होते, सर्व्हर कुणी पुसला, आणि तू आल्या आल्या म्हणालास, "मी पुसला, बाहेरून." माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मी तिथंच उभी होते, रे. तुला बोलू दिलं. नंतर म्हणालास, "दुकान बंद पडलं तर आई कशावर जगेल? गप्प राहा." मला तेच हवं होतं.

आज वकीलबाईंना घेऊन ठाण्यात गेले आणि जबाब दिला. साहेबांनी विचारलं, "भावाला वाचवायला सांगताय?" मी म्हटलं, "त्यानं मला वाचवलं, ते सांगायला आलेय." आता माझ्यावर खटला होईल. खोटं बोललास म्हणून तुलाही बोलावतील. वकीलबाई म्हणतात, खरं तेच सांगायचं.

आईला सगळं सांगितलं. घराला पोलीस दाखवले म्हणून तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. बराच वेळ ओढणीचं टोक चोळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे पोराला मी उगाच घराबाहेर काढलं."

ती रविवारी तुला फोन करणार आहे. तिला पटकन बोलता येणार नाही. तू ठेवू नकोस, थांब.

तुझ्या बाजूनं उभं राहायला फार उशीर केलेली,
ताई