डोक्याशी उभं राहणारं माणूस

३ जानेवारी

आली बाई परत! आम्रपाली. दीड वर्ष सरकारी ट्रेनिंग घेऊन. गेली तेव्हा साधी स्टाफ नर्स होती, आली ती मिडवाइफ! आणि मी? लेबर रूममध्ये केस पिकले माझे, पण वयात बसले नाही म्हणून नावच पाठवलं नाही. चालू दे. वारज्याच्या आमच्या प्रसूतिगृहाला आता कसली चिंता!

७ जानेवारी

पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं नाही म्हणे. चालवायचं, कुशीवर घ्यायचं, उकिडवं बसवायचं. शिकवायला इंग्लंडची बाई होती, ती असं सांगायची. तिकडे साध्या बाळंतपणाला डॉक्टर लागतच नाही, मिडवाइफच सगळं बघते. अगं, माझी आजी उकिडवीच बाळंत झाली होती, ती कुठे विमानाने गेली होती?

वर, कळा देणाऱ्या बाईपाशी तिचं माणूस हवं. आई, बहीण, नवरा — कुणीही. डोक्याशी उभं राहायचं, हात धरायचा. आमच्या डॉक्टर उल्का मॅडमनी लगेच मान डोलावली. मी काही सुचवलं की त्याच मॅडमना राउंड आठवतो.

१२ जानेवारी

जळतेय मी. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय!

आज एक पेशंट थेट खडकीहून आली. इतक्या लांब कशाला, विचारलं. म्हणे, "त्या न ओरडणाऱ्या सिस्टर इथेच आहेत ना?" म्हणजे ओरडणारी कोण, ते सांगायला नकोच. आमची आया, यमुनाबाई, तोंडाला पदर लावून हसली.

१५ जानेवारी

उत्कर्षा आली! पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि माहेर म्हणजे मी. नातवंड माझ्याच हातात येणार. हे आम्रपालीला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळायचं नाही.

२१ जानेवारी

लेकीला तपासणीला नेलं. आम्रपालीशी काय ते हसणं, काय त्या गप्पा! घरी आल्यावर म्हणाली, "आई, डिलिव्हरी आम्रपालीताईंनाच करू दे. तू आत ये, पण माझी आई म्हणून."

पोटची पोरगी! जेवले नाही.

२२ जानेवारी

बोलत नाहीये तिच्याशी. डिंकाचे लाडू मात्र वळले.

४ फेब्रुवारी

मुलगी झाली! दोघी सुखरूप.

डोक्याशी उभी होते. सवयीने ओरडलेच, "जोर लाव, जोर!" आम्रपाली शांतपणे म्हणाली, "दीपमाला सिस्टर, आज तुम्ही ड्यूटीवर नाही." असा संताप आला! पण उत्कर्षाने माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. मग तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. कळ येते तेव्हा बाईचा चेहरा असा होतो? मी तर कायम दुसऱ्या टोकाला. बाळ कधी बाहेर आलं, मला कळलंसुद्धा नाही.

हात काय सुरेख चालतो त्या आम्रपालीचा! टाकाही लागला नाही. हेही जळतच लिहितेय.

२३ फेब्रुवारी

उरलेले लाडू आम्रपालीला नेऊन दिले. डबा हातात घेतला आणि रडायलाच लागली. तिसरा महिना लागलाय. आई नाही तिला.

"सिस्टर, माझ्या वेळी याल?"

"येईन की! अशी डिलिव्हरी करीन, तुझी इंग्लंडची बाई बघत राहील."

"डिलिव्हरी कुणीही करेल हो. तुम्ही डोक्याशी उभ्या राहाल?"