एकट्या बाईची भिंत

५ मे, सोमवार
वाक्य जमलं! "ही बाई एकटी जेवते आहे, आणि तिची काही तक्रार नाही." ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासलं. मांडणीवाल्या ताईंनी ते चित्र लागणार तिथल्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं. मी अर्धवट शिकलेला — आणि माझं वाक्य संग्रहालयाच्या दारातून दिसतं! प्रमुख बाई म्हणाल्या, "शनिवारचं उद्घाटन नीट पार पडू दे, मग तुला कायम करते."
आई म्हणते, "भिंतीवर लिहायचा पगार? लहानपणी त्याचाच मार खाल्लास की रे!"

६ मे
"एकटी"च्या पुढे जागा जरा जास्त सुटली आहे. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

८ मे
आज चित्राची पेटी उघडली. आमच्याकडे भिंत आधी, चित्र शेवटी. तोवर मी ताईंनी दिलेल्या फोटोवरून लिहितो.
बाई आहे. जेवतेही आहे. पण भोवती सासू, सासरे, नणंदा, टेबलावर चढलेलं पोर, आणि एक दीर चक्क तिच्याच ताटातलं उचलतोय!
"ताई, हे कोण?"
"अरे, फोटो आराखड्यात बसत नव्हता. कडा कापल्या जराशा."
कडा! कडांत अख्खं सासर होतं!
प्रमुख बाई एवढंच म्हणाल्या — "एकटी?" भिंतीचा तो रंग आता मिळत नाही, म्हणजे झाकायचीही सोय नाही. सुतारकाका म्हणाले, "'एकटी'च्या पुढे लिही — 'मनानं'." माझं कायम होणं बोंबललं.

९ मे
ताईंनी "एकटी"पुढे उंच झाडाची कुंडी ठेवली. आता वाचायचं — "ही बाई जेवते आहे, आणि तिची काही तक्रार नाही." खोटं तर नाही!

१० मे, दुपार
चित्रकार आजी आल्या. काठीनं पानं बाजूला केली! वाचलं. "कुणी लिहिलं हे?" ताई, काका, प्रमुख बाई — सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चहा आणू?"

१० मे, संध्याकाळ
आजी म्हणाल्या, "ती मीच. एकटीच काढली होती. मग घरचे रुसून बसले, म्हणून एकेकाला कोंबलं." प्रमुख बाई माझ्या कानात म्हणाल्या, "सोमवारपासून कायम." आजींनी काठी कुंडीवर टेकवली. "ही इथून उचला. दिराच्या पुढे ठेवा."