डोळे मिटून इंजिन ऐकताना

३ जानेवारी. संध्याकाळी ७.

डॉ. शुभंकरकडे जाऊन आलो. माझं लायसन्स १८ फेब्रुवारीला संपतंय. रिन्यू करायला मेडिकल सर्टिफिकेट लागतं. दोन मिनिटांचं काम. पण सही करायची सोडून त्याने बीपी बघितलं. १७०/१००. उपाशीपोटी शुगर १९२. गोळ्या घेऊनही दोन्ही खाली का येत नाहीत म्हणाला आणि एकदम झोपेची चौकशी सुरू केली. मी खरं ते सांगितलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

बायको बरोबर होती. मालिनीला मध्ये बोलायची सवय आहे. ती म्हणाली, भयंकर घोरतात, आणि घोरता घोरता एकदम बंद पडतात. मग मी उठून नाकापाशी हात धरून बघते. डॉक्टर गंभीर झाला. झोपेत श्वास अडकत असणार, त्याने बीपी आणि शुगर चढी राहू शकते, दिवसा डुलक्या येतात. झोपेची टेस्ट करा. तोवर सही नाही.

या शुभंकरला गाडी मी शिकवली. रिव्हर्स त्याला कधीच जमला नाही. मांडवीच्या गटारात चाक घातलं होतं. लोक विसरतात.

संकल्प : मीठ बंद, गोड बंद, दुपारची झोप बंद, रोज सकाळी चालणं. पंचवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. एक शरीर चालवता येणार नाही? टेस्टची गरज नाही.

४ जानेवारी. सकाळी ८.

चालायला जाणार होतो. थंडी होती.

बीपीचं मशीन आणलं. डाव्या हातात १६८, उजव्या हातात १५८. मी उजवा आहे, उजव्याचं धरलं. एका दिवसात बारा पॉइंट खाली. डबाभर फणसाचे तळलेले गरे होते, ते संपवले. घरात राहिले की मोह होतो.

७ जानेवारी. दुपारी १.

आरोहीचा पाचवा दिवस. कॉलेजातली मुलगी, हात चांगला आहे. भाट्याचा पूल ओलांडून थोडं पुढे जाऊन वळायचं होतं. मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो. मुरलेला मास्तर गिअर बघत नाही, ऐकतो.

डोळे उघडले तर पार पंधरा किलोमीटरवरचं पावस गाव आलं होतं.

अख्खा रस्ता तिसऱ्या गिअरवर, कारण चौथा अजून शिकवलेला नाही. थांबली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, काका, तुम्ही वळ म्हणालाच नाहीत. आणि घोरत होतात, उठवायची भीती वाटली. तिच्या कार्डावर ‘लाँग ड्राइव्ह – उत्तम’ असा शेरा दिला.

घरी येऊन मालिनीला गंमत म्हणून सांगितलं. हसली नाही. बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी होती. गाडीतलं काही कळत नाही ना, त्यामुळे अशी घाबरते.

९ जानेवारी.

आरोहीने लवूकडे नाव घातलं. हा लवू माझ्याच हाताखाली आठ वर्षं होता. आता पलीकडच्या गल्लीत स्वतःची स्कूल काढून बसलाय. भेटला तर म्हणाला, काका, वायच तब्येतीकडं बघा. वायच म्हणजे थोडंसं. सल्ला मात्र पोटभर.

मालिनी आधार कार्ड आणि फोटो घेऊन कुठेशी जाऊन आली. रेशनकार्डाचं असेल. जेवताना विचारत होती, लर्निंग लायसन्सनंतर पक्कं किती दिवसांनी मिळतं? तीस, म्हटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आता कुठे माझ्या धंद्यात रस घ्यायला लागली. बरं वाटलं.

तिला मी कधी शिकवलं नाही. म्हणजे एकदाच बसवली होती, तेव्हा तिने अंगणातलं हापूसचं कलम आडवं केलं. काही माणसांत ते नसतंच.

१६ जानेवारी.

चालणं नियमित सुरू. मालिनीचं. रोज साडेसहाला निघते, सव्वासातला परत. पथ्य मला सांगितलंय आणि पाळते ती. शेवटी घर एकच आहे.

फक्त तिचा डावा पाय दुखतो. चालून दोन्ही दुखायला हवेत. तिची चालायची पद्धत चुकतेय, असं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं बिचारीने.

२४ जानेवारी. संध्याकाळी ५.

दुपारची झोप बंद म्हणजे बंद. पण वामकुक्षी ही झोप नव्हे. डाव्या कुशीवर पडायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पडलो. सव्वादोन ते पावणेपाच. शब्दाबाहेर गेलो नाही.

सकाळी लवूची गाडी आडवी गेली. एल बोर्ड, आत एक बाई, मालिनीसारखाच जांभळा स्वेटर. फॅशन आलेली दिसते.

२ फेब्रुवारी.

उजव्या हातातही १६६. मशीनचे सेल बदलायला हवेत.

भाचा शौनकचा साखरपुडा २३ तारखेला गणपतीपुळ्याला ठरला. बहिणीला सांगून टाकलं, आमची गाडी मी आणणार. मालिनी म्हणाली, लायसन्सचं काय? म्हटलं, तोवर होईल. नाही झालं तर चालवणार कोण, तू?

बाजारातून येताना मात्र मध्येच म्हणाली, दुसऱ्यावर घ्या, इंजिन ओढत नाहीये. बरोबर होतं. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून काहीतरी झिरपणारच.

१३ फेब्रुवारी.

मालिनीने पेढे आणले. कशाचे विचारलं, तर म्हणाली, आठचा आकडा पहिल्या झटक्यात जमला. रांगोळीचा असणार. एवढ्यातेवढ्यात आनंद मानते, हा तिचा गुण आहे.

मी अर्धाच पेढा खाल्ला. दोनदा.

१६ फेब्रुवारी.

टेस्टला हो म्हटलं. घाबरून नाही. मालिनी काल म्हणाली, तुमचा श्वास थांबला की मी आकडे मोजते, परवा बावीसपर्यंत गेले, मला हे सहन होत नाही. डोळ्यात पाणी होतं. बायकोच्या समाधानासाठी माणूस काहीही करतो. रात्री घरीच छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. अशा अवस्थेत कोणाला झोप लागणार? अजिबात लागली नाही. सकाळी तिने हलवून उठवलं.

१९ फेब्रुवारी.

काल लायसन्स संपलं. आज रिपोर्ट. श्वास तासाला बत्तीस वेळा अडकतो. तीन मार्कांनी गेलो, म्हटलं. शुभंकर हसला नाही. तोंडावर मास्क लावून झोपायचं मशीन लिहून दिलंय, पुढच्या आठवड्यात येईल. झोप सुधारली की बीपी-शुगर आटोक्यात आणणं सोपं जाईल, गोळ्या मात्र चालू. मग सहीचं बघू म्हणाला.

गणपतीपुळ्याला मीच नेणार. पंचवीस वर्षांचा हात, एका कार्डावाचून लुळा पडत नाही.

२३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

सकाळी खिळ्यावर किल्ली नव्हती. अंगणात गाडी चालू. मालिनी उजवीकडच्या सीटवर, जांभळा स्वेटर घालून. पर्समधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तिचा फोटो, तिचं नाव, पक्कं लायसन्स. साडेसहाचं चालणं, क्लचचा डावा पाय, टेस्टमधला आठचा आकडा. मी गाडीच्या दारात उभा राहून एकेक हिशेब लावला.

डावीकडे बसलो. माझी नेहमीचीच जागा, पण घरच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नसतो. तरी आरे-वारेपर्यंत मी तो दाबत होतो. चढावर पुढची बस थांबली. हँडब्रेक, हाफ क्लच, गाडी इंचभर मागे आली नाही. लवूने चांगलं शिकवलंय. लवूला मी शिकवलं होतं.

वर समुद्र दिसायला लागला तेव्हा विचारलं, माझ्याकडे का नाही शिकलीस? म्हणाली, तुम्ही झोपला असतात. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, पावसपर्यंत झोपून गेलात, त्या दिवशीच ठरवलं. स्टेअरिंगवर नाही बसलात तरी चालेल, पण मला तुम्ही शेजारी हवे आहात.

काच खाली केली.

गणपतीपुळ्यात गर्दी होती. दोन गाड्यांच्या मधे तिने रिव्हर्समध्ये एका दमात गाडी लावली म्हणे. शौनक आणि सगळी मंडळी बघत उभी होती. टाळ्या वाजवल्या. मी बघितलं नाही.

इंजिन ऐकत होतो, असं लिहिणार होतो. झोपलो होतो.