बाहेरची कडी

सोलापूर, १४ डिसेंबर १९७४. संध्याकाळ.

जेवण गेलं नाही. आज स्टेशनजवळच्या हॉटेलात वाफेच्या अंघोळीची खोली बसवून दिली. मालक खूश. म्हणाले, "मेस्त्री, लई बेस की! उद्या पहाटं पैला आमचा म्हातारा बसनार."

घरी हात धुताना कडी आठवली. दाराला कडी मी फक्त बाहेरून लावली. आतून उघडायला काहीच नाही! वीस वर्षं गिरणीत सुताला वाफ द्यायच्या खोल्या बांधल्या, हात त्याच सवयीने चालला. वाफ कोंडावी म्हणून कुणीतरी कडी घालणार आणि चहाला जाणार. मग म्हातारा?

बायको म्हणते, "सकाळी जावा की." सकाळी कसली! सायकल काढतो, ती कडी आत्ताच उचकटून येतो. मालक हसले तर हसोत.

सुताने आजवर कधी आतून दार वाजवलं नव्हतं.